एका वायफायवरची दोनशे मतं
काळाचौकीच्या आमच्या मंडळाचे सरचिटणीस दौलत परब यांना गर्दी गोळा करण्यापलीकडे आयुष्यात काहीच आलं नाही. त्यांची पुतणी मनवा हिच्या प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक अल्बममधला एक व्हिडिओ ऑनलाइन मतदानात होता. पहिला आला, तर तिला मोठ्या मंचावर वाजवायला मिळणार होतं.

परबांनी फर्मान काढलं, "घरून कोणी मत द्यायचं नाय. मंडळाच्या ऑफिसात या, माझ्यासमोर द्या."

हजेरी घ्यायची होती ना! दोनशे जणांनी मंडळाच्या एकाच वायफायवरून मतं दिली. सगळी एकाच कनेक्शनवरून आलेली बघून साइटने ती बोगस ठरवली आणि व्हिडिओच बाद केला.

मनवा रडत म्हणाली, "काका, निदान गाणं तरी ऐकलंत का?"

"ऐकायचं कशाला? मत दिलं ना!" म्हणत ते निषेधाचा बॅनर छापायला गेले. त्यावर फोटो त्यांचाच होता.