निळ्या लुगड्यावरचा चुना

डोमाजी पेंटर गेल्याचं त्याच्या मेव्हण्यानं, बाबारावनं, फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “वाघ?” “नाई जी, कावीळ.” मूल तालुक्यातल्या जंगलालगतच्या गावांत मरण आलं की आम्ही आधी हेच विचारतो… पुढे शोकसभेत एका वक्त्यानं त्याला ‘अरण्याचा चित्रमहर्षी’ करून टाकलं. डोमाजी असता तर ब्रश फेकून मारला असता. नेम चांगला होता त्याचा.

गुरू कुणी नव्हता. ढिवराच्या घरातला हा माणूस तळ्यात जाळं टाकायचं सोडून झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवू लागला. त्याचे राजवाडे राइस मिलसारखे दिसत, कारण त्याहून मोठी इमारत त्यानं पाहिलीच नव्हती. रक्त मात्र पहिल्यापासून जमायचं. खुनाचा प्रवेश सुरू व्हायच्या आधी नुसता पडदा पाहून बाया डोळे झाकत.

मग मोहफुलं वेचायला गेलेल्या सुमनला, त्याच्या बायकोला, वाघानं नेलं. सापडली ती अर्धीच. लुगड्यावरून ओळखली.

काही वर्षांनी सफारीच्या गेटजवळच्या भिंतीवर ‘वाघ आपला मित्र’ रंगवायचं काम डोमाजीला मिळालं. त्यानं वाघ रंगवला. वाघाच्या जबड्यात सुमनची मान, फाटलेलं निळं लुगडं, मोहाची टोपली उपडी, आणि सुमन दोन्ही हातांनी वाघाचे डोळे ओरबाडतेय. वनखात्याचे साहेब हादरले. “अहो, पर्यटक येतात इथे. वाघ इतका रागीट कशाला?”

“तो रागात नोयता साहेब, उपाशी होता. रागात मी आहो.”

साहेबाला त्यानं भीक घातली नाही. पण बाबाराव त्याच गेटवर पर्यटकांची जिप्सी चालवतो. त्या दोघांना मी भिंतीसमोर मातीत एकमेकांचे गळे धरून लोळताना पाहिलं. बाबारावचा ओठ फाटला होता, डोमाजीचा दात पडला होता. “माही बहीण होती ते!” बाबाराव ओरडत होता. “रोज सकारी तिच्या मड्यासमोरून गाडी नेऊ काय मी? पुसून टाक तिले!”

“अन् वाघ?”

“राहू दे. वाघावरच पोट आहे माह्यावालं.”

डोमाजी रक्त थुंकला, उठला आणि चुन्याची बादली घेऊन आला.

त्यानं फक्त सुमन पुसली. वाघ राहिला, पांढऱ्या पोकळीत दात रोवून. उद्घाटनाच्या पाहुण्यांना त्यात वन्यजीवांविषयीचा जिव्हाळा दिसला. पर्यटक त्या पांढऱ्या जागेशी डोकं टेकवून फोटो काढू लागले.

पावसाळ्यात चुना धुपायचा, खालचं निळं दिसू लागायचं. दर वर्षी डोमाजी पुन्हा बादली घेऊन जायचा. मी म्हटलं, एनॅमल मार, कायमचं झाकेल. ऑइलपेंटवर चुना टिकत नाही हे पेंटरला ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नव्हता. “दरसाली मीच मारतो तिले,” तो म्हणाला, “माह्याच हातानं…” आणि बादलीत चुना कालवू लागला.

गेल्या आठवड्यात मी गेटवर गेलो. चुना बराच गेला होता. लुगडं वर आलं होतं, वाघाच्या डोळ्यांत रुतलेली बोटंही. गार्ड बादली घेऊन भिंतीशी पोचला, तोच बाबारावनं ती हिसकली आणि चुना नालीत ओतला.

“काऊन ओतला बे? साहेब बोंबलन ना!”

“बोंबलू दे.”

त्याच्या चालू जिप्सीतल्या एका बाईनं भिंतीकडे पाहून विचारलं, ही कोण? बाबारावनं परत येऊन गाडी बंद केली.

“उतरा,” तो म्हणाला. “सांगतो.”