टेकबहादूरचा हात

माझं शेवटचं पोस्टिंग फ्रान्सला झालं. म्हणजे मिरजगावच्या जरा पुढं, माझ्याच माळावर. हसू नका. पुण्याहून एक पिक्चरवाली पार्टी आली होती. पहिल्या महायुद्धातल्या एका गुरखा सैनिकाची गोष्ट, सगळी खंदकात घडणारी. फ्रान्स परवडत नव्हता, म्हणून त्यांनी कर्जत तालुका धरला. माझ्या माळावर काही पिकत नाही. झाड नाही, विजेचा खांब नाही. डायरेक्टर सुमित म्हणाला, "काका, असंच उजाड पाहिजे होतं." माझ्या जमिनीचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

मी तोफखान्यात रेडिओ ऑपरेटर होतो. हवालदार म्हणून रिटायर झालो. पण आमच्याकडे गावात परत आलेला प्रत्येक फौजी मेजरच असतो, तसा मीही मेजर. शिवाय नगरला रणगाड्यांचं सेंटर आहे, त्यामुळे नगरचा म्हटलं की लोकांना वाटतं, हा रणगाडा चालवत असणार. समजावणं मी केव्हाच सोडलं. माझी बायको मंदा गेल्यापासून घरात मी एकटा. मुलगा चाकणला कंपनीत आहे. रविवारी फोन करतो. "जेवलात का?" "जेवलो." "बरं." वायरलेसवर आम्ही याहून जास्त बोलायचो.

पहाटे उजाडायच्या आधी आणि संध्याकाळी अंधार पडताना मी बांधावर जाऊन उभा राहतो. फौजेत याला स्टँड-टू म्हणतात. उजेड धड असतो ना नसतो, अशाच वेळी शत्रू चालून यायची भीती जास्त. म्हणून खंदकातला प्रत्येक माणूस हत्यार घेऊन आपापल्या जागी उभा राहतो. बोलायचं नाही, हलायचं नाही, समोर बघायचं. नीट उजाडलं किंवा पुरता अंधार पडला की स्टँड-डाऊन. मग चहा. मंदा म्हणायची, "आवं, कोन येनार हाय हितं? रानडुकरं?" आता विचारणारंही कुणी नाही.

तर पिक्चर. जेसीबीने खंदक खणला. सँडबॅगा म्हणून खताच्या गोण्या उलट्या करून मुरमाने भरल्या. रायफली लाकडाच्या. सैन्य म्हणजे आमच्या गावातली पारावरची टवाळ मंडळी, भर उन्हात लोकरीचे कोट घालून घामाघूम झालेली. मी दिसलो की ओरडायची, "मेजर, फ्रान्सला पाऊसपानी काय म्हनतोय?" त्यांना उभं कसं राहायचं, रायफल कशी धरायची, हे शिकवायचं काम माझ्याकडे होतं. एकालाही शेवटपर्यंत नीट जमलं नाही. मी हात टेकले.

खंदक मात्र बेस झाला होता. सुमितने अभ्यास केला होता, वळणंबिळणं सगळी बरोबर. पहिल्या दिवशी मी आत उतरलो. उकरलेल्या मातीचा वास सगळीकडे एकच असतो. समोरच्या गोण्यांवर हात आपोआप गेला. मी लगेच वर आलो. सुमितला सांगितलं, ऊन लागलं.

हिरो होता गणेश. मिरजगावच्या स्टँडवर त्याची मोमोची गाडी आहे. नेपाळहून आला तेव्हा तरणा होता. आता कानाशी केस पिकलेत आणि बोलणं आमच्यासारखंच झालंय. सुमित एकदा मोमो खायला थांबला आणि त्याला गाडीवरच हिरो सापडला.

"मेजर, म्या कदी बंदूक धरली न्हाई," गणेश मला म्हणाला. "आमच्या गावातली लई जन पलटनीत गेले. मी छातीत कमी भरलो."

"बरं झालं. नायतर मिरजगावला मोमो कुणी खाऊ घातले असते?"

तो हसला. हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे. मी दुसरीकडे बघायचो.

एका दुपारी चहाच्या वेळी सुमित माझ्याजवळ येऊन बसला. गणेशही होता.

"काका, शेवटी हिरो मरतो. मला ते खरं वाटायला हवंय. तुम्ही कुणाला असं जाताना पाहिलंय?"

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मंदालाही नाही. कुणी सरळ विचारलंच नव्हतं. सुमितने विचारलं आणि मी सांगून टाकलं.

तेव्हा मी सीमेवर एका गुरखा पलटणीबरोबर होतो. मागच्या तोफांना निशाणा कळवायला तोफखान्याचा ऑपरेटर इन्फन्ट्रीबरोबर राहतो. पोस्टचं नाव सांगत नाही. सगळे गुरखे, मी एकटा मराठी. त्यांची भाषा कळेना, थंडी सोसेना. सुरुवातीला मी कुणाशी बोललोच नाही. एका सकाळी लान्स नायक टेकबहादूरने आपल्या मगातला अर्धा चहा माझ्या मगात ओतला. म्हणाला, "दाजु, पिउनुस्." दाजु म्हणजे थोरला भाऊ. त्या दिवसापासून मी सगळ्या पोस्टचा दाजु झालो. मी त्याला हुरड्याचं वर्णन करून सांगायचो. तो म्हणायचा, सुट्टीत येतो खायला, मिरजगावचं स्टेशन कुठलं? स्टेशन नाही म्हटल्यावर पोट धरून, डोळे बारीक करून हसायचा. त्याच्या गावाला तर रस्ताही नव्हता.

त्या पोस्टवर एक रीत होती. स्टँड-डाऊनची ऑर्डर तोंडाने द्यायची नाही, कारण आवाज दरीत लांब जायचा. आमचे सुभेदार साहेब डाव्या टोकाच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचे. तो त्याच्या शेजारच्याच्या. असा तो हात एकेक खांदा करत अंधारातून पुढं यायचा. उजव्या टोकाला मी आणि माझा वायरलेस सेट, माझ्या डावीकडे टेक. टेकचा हात माझ्या खांद्यावर पडला की मी सेटवर खाली कळवायचं, "स्टँड-डाऊन कम्प्लीट." म्हणजे सगळी माणसं जागेवर आहेत, धड आहेत.

त्या संध्याकाळी समोरून मॉर्टरचे गोळे आले. नेहमीचंच होतं. एक गोळा आमच्या पुढ्यात पडला. माती उडाली. मी खाली बसलो आणि परत उठलो. टेक उभाच होता. सेट वाजला.

"रिपोर्ट. ओव्हर."

"स्टँड-टू चालू. ओव्हर."

अंधार पडला. हात येईना. मी समोर बघत राहिलो. मला वाटलं, सुभेदार साहेबांना काहीतरी दिसलंय. बोटं बधिर झाली. तरी हात येईना. सेट परत वाजला.

"व्हाय नो स्टँड-डाऊन? ओव्हर."

तेव्हा मी मान वळवली. टेक उभा होता. हनुवटी सँडबॅगवर, रायफल समोर. मी हळूच म्हटलं, "टेक." मग त्याच्या दंडाला हात लावला. हेल्मेटच्या खाली, कानामागून, त्या गोळ्याची एक किरच आत गेली होती. नखाएवढी. तो ओरडला नाही, पडलासुद्धा नाही. पलीकडच्या जवानाने अंधारात त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि स्वतः आपल्या बंकरकडे निघून गेला होता. ऑर्डर टेकपाशी येऊन थांबली होती.

मी सेटवर कळवलं, "वन फेटल कॅज्युअल्टी. ओव्हर." स्टँड-डाऊन कम्प्लीट त्या दिवशी कुणीच कळवलं नाही.

"त्याची खुकरी म्यानातच होती," मी सुमितला सांगितलं. "तुमचा हिरो असा जाऊ दे. उभ्या उभ्या. एवढं करा."

सुमित म्हणाला, "काका, जबरदस्त आहे. पण फार शांत आहे हो. लोक खुकरीसाठी येणार. पोस्टरवर खुकरीच आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी याच्यापुढं काढून ठेवलं, आणि हा मला पोस्टर सांगतो!

"पिक्चर तुमचा आहे, करा काय करायचं ते," मी म्हणालो. "पण मला सल्ला विचारायला येऊ नका." चहा तसाच ठेवून मी घरी आलो. राग सुमितचा होता, पण खरं तर वाईट याचं वाटत होतं की आता हे सांगायला माझ्याकडे दुसरं कुणीच नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारी गणेशने खुकरी उपसून धाव घेतली. आरोळी माझ्या अंगणापर्यंत ऐकू आली. मागून टाळ्या, शिट्ट्या. मी माळाकडे पाठ करून बसलो.

ऊन उतरल्यावर सुमित स्वतः आला. दारातच उभा राहिला.

"काका, स्टँड-टूचा एक शॉट घेतोय. दोघंजण टेम्पोने निघून गेले. लाईन अपुरी दिसतेय. उभे राहाल?"

नाहीच म्हणणार होतो. पण ती माझी रोजची वेळ होती. कुठंतरी उभा राहणारच होतो.

"उजव्या टोकाला उभा राहीन," मी म्हणालो.

खंदकात उतरलो. माझ्या डावीकडे गणेश होता. कॅमेरा लांब, दुसऱ्या टोकाला. सुमित म्हणाला, "कुणी बोलू नका." आणि काय आश्चर्य, ती टवाळ मंडळीही गप्प झाली. हायवेवरून एखादा ट्रक जायचा, तेवढाच आवाज. समोरचा माळ हळूहळू दिसेनासा झाला. मी समोर बघत होतो. मान वळवली नाही.

सुमितने कट म्हटलं असावं, कारण लोक कोट काढत वर चढू लागले. मी हललो नाही. कुणी बोलावलंही नाही.

आणि खांद्यावर हात पडला. डाव्या. जड, ऊबदार, लसणाचा वास असलेला हात. गणेश एक शब्द बोलला नाही. त्या दिवशी चहाच्या वेळी सांगितलेली रीत त्याच्या ध्यानात राहिली होती.

माझ्याजवळ सेट नव्हता. मी मोकळ्या माळाकडे बघून म्हणालो, "स्टँड-डाऊन कम्प्लीट. ओव्हर." डोळ्यांतून पाणी आलं ते मी पुसलं नाही. गणेश तसाच हात ठेवून उभा राहिला. समोरून उत्तर यायचं नव्हतंच.

पिक्चर मोबाईलवर आला. खुकरीवर लोक खूश आहेत. स्टँड-टूचा शॉट आहे, पण डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो आणि हात पडायच्या आधीच तुटतो. पार्टी निघून गेली. जेसीबीवाला खंदक बुजवायला आला होता, मी त्याला परत पाठवला. आता मी बांधावर जात नाही, खंदकात उभा राहतो. उजव्या टोकाला. अंधार पडला की रिपोर्ट देतो आणि घरी येऊन चहा टाकतो.

माझ्या डावीकडे लान्स नायक टेकबहादूर असतो. तो पळाला नाही, ओरडला नाही. आपल्या जागी उभा होता. हुरडा खायला यायचा राहिला.