पांझरेकाठी दोन सायकली

आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्या, थोरल्या दिरांनी शेतीचा कारभार हाती घेतला आणि आबा गाव सोडून धुळ्याला आमच्याकडे राहायला आले. जन्मभर नांगरामागं चाललेला माणूस. शहरात त्यांना करायला काहीच नव्हतं. ओट्यावर बसायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. गुडघे धरल्यामुळं लांब चालवतही नव्हतं.

आमच्याकडे एक सायकल होती. हे कचेरीत कारकून होते, तिच्यावरून जात-येत. कचेरीची वेळ होईपर्यंत ती ओट्याला टेकून उभी असायची. आबा तिच्याकडे बघत राहायचे. कधी पायडल हातानं फिरवायचे, कधी घंटी वाजवायचे. एक दिवस ते यांना म्हणाले, "माले शिकाडशी का?"

हे हसले. "आबा, या वयात हाडं मोडून घ्यायची आहेत का? लोक काय म्हणतील?"

आबांचा चेहरा उतरलेला मी दारातून पाहिला, आणि मला यांचा राग आला. हे कचेरीला गेल्यावर मी पदर सावरून म्हटलं, "आबा, मी शिकवते. मला येते."

माझं माहेर भडगावचं. भावानं सायकल घेतली तेव्हा गिरणेच्या काठच्या गाडीवाटेवर मी ती शिकले होते. आईनं एकदा पाहिलं आणि बंद केलं. सासरी मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आबा रागावतील. ते उठून उभे राहिले. "मंग आज कसाले नही?"

पण सायकल तर कचेरीला गेली होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही ती घेऊन पांझरेच्या काठी गेलो. तिथं बाभळींच्या पलीकडं सपाट मोकळी जागा होती. सासऱ्यासमोर सुनेनं मान वर करायची नाही ही आमच्यातली रीत, म्हणून मी खाली बघत, पदर पुढं ओढून, सीट धरून चालत होते. सायकल सरळ बाभळीत गेली. आबा काट्यांतून बाहेर येत म्हणाले, "पोरी, तू खालेच देखशी ते सायकल कोठे जाई? तो पदर मांगे कर."

मी पदर मागं केला. तेव्हापासून आबांसमोर तो पुन्हा पुढं ओढला नाही.

आबा खूप पडले. कोपर सोललं, धोतर चेनमध्ये अडकून फाटलं. नदीवर धुणं धुणाऱ्या बायका हसायच्या. आबाही हसायचे. "पडनू ते पडनू," म्हणायचे आणि पुन्हा टांग टाकायचे. मग एका सकाळी मी मागून हात सोडला आणि ते तसेच पुढं गेले. लांब जाऊन त्यांनी घंटी वाजवली. उगीचच वाजवत राहिले.

परत आल्यावर उतरून त्यांनी सायकल माझ्यापुढं धरली. "आते तू बस."

मी बसले. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला की पायडल मारायला काही अडत नाही. नदीवर धुण्याचा आवाज थांबला. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मला लाज वाटायला हवी होती. मला गार वारा लागत होता, एवढंच आठवतं.

तेव्हापासून आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. आबांनी स्वतःच्या नावावर भाड्यानं आणखी एक सायकल आणायला सुरुवात केली. बाईमाणसाला सायकल देत नाही, असं दुकानदारानं मला आधीच ऐकवलं होतं. आम्ही नदीच्या कडेनं हळूहळू जायचो, सार्वजनिक बागेला वळसा घालायचो, वडाखाली थांबून दम खायचो. वाटेत ओळखीचे लोक विचारायचे, "आबा, कोठे चालनात?" आबा म्हणायचे, "कोठेच नही. फिरी ऱ्हायनू." हे उत्तर लोकांना फार खटकायचं. कामासाठी आम्ही उन्हातान्हात वाटेल तेवढं राबलो असतो तर कुणी हूं का चूं केलं नसतं.

बातमी गावी पोचायला वेळ लागला नाही. एका संध्याकाळी आबांचे चुलतभाऊ आमच्याकडे आले. सगळे त्यांना नाना म्हणत. भावकीत त्यांचा शब्द चालायचा.

"भाऊ, सूनसंगे सायकलवर फिरतस तुम्ही?" ते म्हणाले. "लोके काय म्हनतीन?"

"लोकेस्ले इचार," आबा म्हणाले. "माले कसाले इचारस?"

नानांनी मग यांच्याकडे मोर्चा वळवला. "तू शिकलेला माणूस. बायकोला घरात ठेवता येत नाही?" हे मान खाली घालून बसले. मी आतून सगळं ऐकत होते. नवऱ्याचं ते गप्प बसणं मला नानांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

जाताना नानांनी बजावलं, "माघात माझ्या मुलीचं लग्न आहे. या, पण बैलगाडीनं. सायकली आणल्या तर मांडवात पाऊल ठेवायचं नाही."

लग्नाच्या दिवशी सकाळी गाडी दाराशी आली. हे आहेराचं गाठोडं घेऊन चढले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं. मी आबांबरोबर येते." गाडी गेली.

आबांचं गाव पांझरेच्या वरच्या अंगाला. आम्ही मोठा रस्ता सोडून पाटाच्या कडेची वाट धरली. नदीवरच्या बंधाऱ्यातून पाट निघतो आणि त्याच्या पाण्यावर सगळ्या गावाचं शिवार भिजतं. गहू हिरवागार उभा होता, ऊस वाटेवर झुकलेला. वाट अरुंद, म्हणून आबा पुढं आणि मी मागं. बंधाऱ्यावर उतरून आम्ही पाय धुतले, पाणी प्यालो, बगळे बघत बसलो. आबांनी एकेक शेत दाखवून कुठं काय पिकायचं ते सांगितलं. घाई नव्हती. मांडवात काय होणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

नाना मांडवाच्या दाराशीच उभे होते. "भाऊ, मी सांगेल व्हतं ना?"

"सांगेल व्हतं," आबा म्हणाले. त्यांनी सायकल समोरच्या निंबाला टेकवली आणि खाली बसले. मीही बसले. नानांनी पाठ फिरवली. आम्हाला ना कुणी आत बोलावलं, ना पाणी विचारलं. मंगलाष्टकं ऐकू आली तेव्हा आबांनी खिशातून अक्षता काढल्या. त्या ते घरूनच घेऊन आले होते. अर्ध्या माझ्या हातावर ठेवल्या. आम्ही निंबाखालूनच त्या मांडवाच्या दिशेनं टाकल्या. मुलीचा काय दोष होता?

मग पंगत बसली. वरण-बट्टीचा, वांग्याच्या भाजीचा वास आमच्यापर्यंत येत होता. नानांनी यांना मुद्दाम आपल्या शेजारी बसवलेलं मला कनातीच्या फटीतून दिसत होतं. पान वाढून झालं. यांनी पानाकडे पाहिलं, मग बाहेर निंबाकडे. आणि हे उठले. वाढलेल्या पानावरून उठले!

"अरे, बस खाली!" नाना ओरडले.

"माझे वडील आणि बायको बाहेर आहेत," हे म्हणाले. "ती जिथं जेवतील, तिथं मी जेवीन."

बाहेर येऊन यांनी वहाणा घातल्या आणि माझ्याकडची सायकल हातात धरली. आम्ही तिघं चालतच गावाबाहेर पडलो. पाटावर एका शेतकऱ्यानं आम्हाला भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला; कुठून आलात, असंही त्यानं विचारलं नाही. जेवता जेवता हे आबांना म्हणाले, "आबा, मीच शिकवायला हवं होतं." आबांनी यांच्या पाठीवर हात ठेवला. "मंग आमनाबरोबर येत जाय," ते म्हणाले.

हे आले. दर रविवारी आले. भाऊबंदांनी आमच्याकडे येणं बंद केलं, माझ्या नावानं नाही नाही ते बोलले. आबा चांगली काही वर्षं फिरले आणि आजारपणात अंथरूण धरेपर्यंत कुणासाठीही थांबले नाहीत. त्यांच्या दहाव्याला नाना आले, दारात उभे राहून गेले. नानांच्या घराशी आमचं येणं-जाणं पुढं कधी सुरू झालं नाही. ते सुरू करायला मीही गेले नाही.