टोळीची अंगाई

बाई कुठलीही गोष्ट सुरू करायच्या आधी हाताशी जे असेल त्यावर बोटातली अंगठी दोनदा वाजवायच्या. टण् टण्. उभी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झालेली. डबल बेल दिल्याशिवाय जग पुढे सरकतं, यावर त्यांचा विश्वासच नव्हता. एकदा एका लग्नात मंगलाष्टका लांबत चालल्या, तेव्हा त्यांनी मांडवाच्या लोखंडी खांबावर टण् टण् केलं आणि म्हणाल्या, “चला, सोडा आता.” भटजींनी मुकाट्याने अंतरपाट खाली घेतला.

अशा बाईंना माझ्या पुतण्याने गुंडांच्या टोळीची म्होरकी केलं, यात त्याचं कर्तृत्व काही नाही. आमच्या कोरेगावकडच्या त्या गावात दुसरं कुणी त्या लायकीचं नव्हतंच.

पुतण्या पुण्यात सिनेमाचा कोर्स करून आला होता आणि घरी बसून वहिनीचं डोकं खात होता. त्याने सिनेमा लिहिला. गुंडांच्या सिनेमांची टिंगल, पण गाण्यांसकट आणि आजी-नातवंडांनी एकत्र बसून बघण्याजोगी. दोन टोळ्या काकवीची तस्करी करतात, अशी गोष्ट. रक्त नाही, बंदुका नाहीत. बंदुकांच्या जागी फवारणीचे पंप आणि त्यात उसाचा रस. मी हायस्कुलात चित्रकला शिकवतो, पण सिनेमात बाईंचा उजवा हात होतो. मला पडायला चांगलं जमतं म्हणून पुतण्याने मला वेगवेगळ्या मिशा लावून पुन्हा पुन्हा मारलं.

लिहिलेला संवाद बाईंच्या तोंडून कधी निघालाच नाही. वहीत होतं, “याचा खेळ खलास करा.” बाई विरुद्ध टोळीच्या दादासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “लय पुढं आलायस. मागं सरक, आन् हितंच उतर.” तो पैलवान गडी खरोखर दोन पावलं मागे सरकला.

पुतण्या काकुळतीला आला. “बाई, लिहिलंय तेवढंच म्हणा ना.”

“अरं, लिवलेलं वाचून कोण गाडीतनं उतरलंय का आजवर?”

उसाच्या रसाची लढाई भर उन्हात, शेतात झाली. पहिला पंप चालला आणि पाठोपाठ गांधीलमाश्या आल्या. दोन्ही टोळ्या वैर विसरून पाटाकडे पळाल्या. बाई काठावर उभ्या राहून डोकी मोजायला लागल्या. “एक शीट कमी हाय. कोण ऱ्हायलं?”

मी राहिलो होतो. मेलेल्याने हलायचं नाही असा हुकूम असल्यामुळे मी मुंगळ्यांसकट सरीत पडून होतो. बाई परत आल्या, कॉलर धरून मला उभं केलं. “मास्तर, मरायचं बी काय टायमिंग असतंय का न्हाई?”

आता त्या गाण्याबद्दल सांगतो. मोठ्या दरोड्याच्या आदल्या रात्री टोळीला भीतीने झोप लागत नाही, म्हणून म्होरकी त्यांना अंगाई गाते. मिशाळ गुंड घोंगड्या ओढून ओळीने झोपलेले. पुतण्याने हे निव्वळ हशासाठी घातलं होतं. खिडक्यांना ताडपत्री लावून, भर दुपारी शूटिंग झालं. बाई गायल्या, वहीतलं नव्हे, त्यांना येत असलेली जुनी अंगाई. आवाज म्हणजे चढाला लागलेली गाडी. इंजिनाच्या वरताण ओरडून त्याचं पार वाटोळं झालेलं. पण कुणी हसलं नाही. मला तर त्या उकाड्यात, घोंगडीखाली, खरोखरची झोप लागली.

नंतर चहा पिताना त्या म्हणाल्या, “पोराला कवा म्हटलीच न्हाई ही. माझी कायम मुक्कामी गाडी, शिराळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. ह्यो आजीपाशी निजायचा. सकाळी मी यायची, तर ह्यो शाळंत.” मग कप खाली ठेवला. “जत्रंत शिनेमा लागंल तवा फौजेतनं सुट्टी काढून येतोय. त्याला ऐकवायची हाय.”

जत्रेच्या आदल्या दिवशी कळलं, की पुतण्याने ते गाणं सांगलीच्या एका मुलीकडून गाऊन घेतलंय. शूटिंगमधला आवाज जनरेटरच्या घरघरीमुळे त्याने पुसूनही टाकला होता. मीच बाईंना सांगितलं. त्या तडक आमच्या घरी आल्या.

“माझ्या तोंडात दुसरीचा आवाज घातलास? मग माझं पोरगं कुणाचं ऐकणार?”

“बाई, गाणं जरा गोड पाहिजे ना.”

“गोड काकवी असती रं. मी गाणं म्हटलंय.”

पण पुतण्या हटला नाही. आता बदलता येत नाही म्हणाला. बाई अंगठी न वाजवता गेल्या, तेव्हा मला पुतण्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

देवळापुढच्या पटांगणात पडदा लागला. बाईंचा मुलगा माझ्या शेजारी, पाठ ताठ करून बसला होता. लोक हसून लोळत होते. मग अंगाई आली. पडद्यावर बाईंचं तोंड आधी उघडायचं आणि पोरीचा साखरेसारखा आवाज मागून यायचा. लोक खिदळले. बाई उठल्या. पदर खोचून थेट साउंडवाल्याच्या टेबलापाशी गेल्या. “आवाज बंद कर.” पुतण्या आडवा आला, तर त्यालाही, “मागं सरक.”

हरवलेली पोरं आणि सापडलेल्या चपला पुकारायचा तो जत्रा कमिटीचा माइक त्यांनी हातात घेतला आणि पडद्याकडे बघत गायला लागल्या. ओठ आणि आवाज आता बरोबर जुळले. दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला. त्या थांबल्या नाहीत.

मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, “सर, आईला हे कवापास्नं येतंय?”

“तू पाळण्यात होतास तवापास्नं,” मी म्हणालो.

त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि तोंडावर धरली.

बाई त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. हृदय बंद पडलं, तेही दुपारच्या चहानंतर, कुणाची झोपमोड न करता. पुतण्याने सिनेमातून त्या मुलीचा आवाज स्वतःच काढून टाकला. बाईंचा गातानाचा आवाज तर कुठेच उरलेला नव्हता. त्यामुळे जत्रेत सिनेमा लागतो तेव्हा तेवढं गाणं मुकं जातं. बाई गातात, आम्ही गुंड एकेक करून डोळे मिटतो, आणि एरवी गोंगाट करणारं पटांगण गप्प बसून राहतं.

गेल्या जत्रेला मुलगा सुट्टीवर आला होता. मांडीवर त्याची लहान मुलगी होती, किरकिरत होती. पडदा मुका झाला, तसा तो तिला थोपटत हळूच गायला लागला. गळा थेट आईवर गेलाय, तसाच भसाडा. पोर झोपली.