भरल्या गाडीचे दिवे

आमच्या घरात फ्रीजचा रंगसुद्धा ठरावाने ठरला आहे. पप्पा आमच्या कोकणातल्या गावच्या मंडळाच्या मुंबई शाखेचे बरीच वर्षं चिटणीस होते, आणि विहारातल्या सभेची शिस्त त्यांनी जुईनगरच्या आमच्या घरात जशीच्या तशी आणली. रविवारी जेवणं झाली की बैठक. एक अध्यक्ष, एक सूचक, एक अनुमोदक, आणि वहीत इतिवृत्त. ठराव झाला की तो सगळ्यांना लागू, ज्याने विरोधात मत दिलं त्यालाही. मी वाचायला शिकले ती मंडळाच्या पत्रकांवर. छापखान्यातून गठ्ठे आले की आई आणि मी घड्या घालायचो आणि मी मथळे मोठ्याने वाचायचे. बोलायचं म्हणजे शेवटी उद्गारचिन्ह पाहिजेच, अशी माझी बराच काळ समजूत होती.

गाडीच्या दिव्यांचा प्रश्न अशाच एका रविवारी आला.

गाडी मोठी, आठ माणसं बसतील अशी. पप्पा आणि काकांनी मिळून ती सेकंडहँड घेतली होती. काका, काकू, त्यांची मुलगी आणि आमची आत्या सानपाड्याला एकाच बिल्डिंगमध्ये राहतात. गावी जायचं तर सगळे मिळून, याच गाडीतून. चालवणार मात्र एकटे पप्पा. बाकी कोणाला गाडी येत नाही. काका दोनदा शिकायला गेले आणि दोनदा शिकवणाऱ्याशी भांडून आले.

"पुढच्या लाईट एकदम मरतुकड्या झाल्यात," काकांनी मांडलं. "ते पांढरेशुभ्र एलईडी टाकून घेऊ. आमच्या ऑफिसात एकाने टाकलेत. रात्रीचा दिवस होतो."

मी उभीच राहिले. "कोणाचा दिवस होतो? गाडीत बसलेल्याचा! समोरून स्कूटरवर येणाऱ्या बाईचं काय? कडेने चालत घरी निघालेल्या कामगाराचं काय? त्याच्या डोळ्यांत अंधारी आली तरी चालेल, कारण आपली गाडी मोठी? ज्याची गाडी मोठी त्याचा रस्ता, हे आपण मान्य करायचं?"

"बाई, खाली बस," आत्या म्हणाली. "इथं माईक नाहीये आणि मी बहिरी नाहीये."

पण मी बसले नाही, आणि जिंकले. आई, काकू, चुलत बहीण माझ्या बाजूने. काका आणि आत्या विरोधात. पप्पा त्या दिवशी अध्यक्ष होते, म्हणून त्यांनी मत दिलं नाही. वहीत त्यांनी आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं : गाडीच्या पुढील दिव्यांत कोणताही बदल करू नये. ज्याला गाडी चालवायची होती त्याला काही विचारावं, हे मला सुचलंही नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही सगळे पनवेलच्या पुढे एका साखरपुड्याला गेलो होतो. परत निघायला उशीर झाला आणि वाटेत सूर्य मावळला. मी पुढे, पप्पांच्या शेजारी बसले होते. आमच्यासमोर विटा वाहणारा एक टेम्पो रखडत चालला होता आणि पप्पा त्याच्या मागेच राहिले होते.

"ओव्हरटेक करा ना, पप्पा."

"राहू दे. घाई काय आहे?"

थोड्या वेळाने टेम्पो डावीकडे वळला. त्याच्या मागोमाग आम्हीही वळलो. कच्चा रस्ता, धूळ, आणि मग समोर वीटभट्टी. टेम्पोवाला खाली उतरून आमच्याकडे बघत राहिला.

मागे हशा पिकला. "विटा घ्यायच्यात का, दादा?" आत्याने विचारलं. "घर बांधायचा ठराव मला कसा कळला नाही?"

पप्पा हसले नाहीत. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते आणि कपाळावर घाम होता. सानपाड्याच्या मंडळींना सोडून आमच्या बिल्डिंगखाली आलो, आई वर गेली, तरी ते तसेच बसून राहिले. मीही उतरले नाही.

"मला रस्ता दिसत नाही गं," ते म्हणाले. "दिवस मावळला की काही म्हणता काही दिसत नाही. त्या टेम्पोचे मागचे लाल दिवे दिसत होते, म्हणून त्याच्या मागे मागे."

"केव्हापासून?"

"झाले बरेच महिने."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार काय? ठराव झाला होता." मग थांबून म्हणाले, "आणि दिवे नुसतं निमित्त. मला वाटतं डोळेच गेले. गाडी विकून टाकू. जयंतीला गावी सगळे एसटीने जातील, पूर्वी जायचे तसे."

पप्पा रबाळ्याच्या एका कारखान्यात मशीनवर वर्षानुवर्षं उभे राहून निवृत्त झाले. लहानपणी ते हायवेला उतरून डोक्यावर बोचकं घेऊन गावापर्यंत चालत जायचे, आणि तेही सरळ वाटेने नाही, वरच्या आळीला वळसा घालून. पहिल्यांदा ही गाडी घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ती वरच्या आळीतून, अगदी हळू, विहाराच्या दारापर्यंत नेली होती. हॉर्न एकदाही वाजवला नाही. तो माणूस आता गाडी विकायची म्हणत होता, आणि माझ्या भाषणामुळे महिनोन्‌महिने गप्प होता. समोरच्या रस्त्यावरच्या प्रत्येक अनोळखी डोळ्याची मी काळजी केली होती. शेजारच्या सीटवरचे डोळे मी मोजलेच नव्हते.

आधी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. चष्म्याचा नंबर थोडा बदलला होता; मोतीबिंदूची जरा सुरुवात होती, पण इतक्यात काही करायची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले. पप्पांना ते पटलं नाही. "मला बरं वाटावं म्हणून सांगतात," ते म्हणाले.

मग मी फोनवर दिवे शोधायला लागले. निळसर पांढरे, पिवळे, डोळ्यांसारखी गोल कडी असलेले, प्रत्येकाखाली कोणी त्याची आरती ओवाळलेली, तर कोणी शिव्या घातलेल्या. दोन दिवसांत माझं डोकं फिरलं. शेवटी आमच्या कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने सानपाड्यातलं एक दुकान सांगितलं. दुकानदार तिथल्याच जुन्या गावातला, पन्नाशीचा. तो गाडीभोवती फिरला, पुढच्या दिव्याच्या काचेवरून बोट फिरवलं आणि पप्पांकडे वळला.

"काका, चष्मा रोज पुसता ना?"

"पुसतो."

"गाडीचा चष्मा पुसला काय कदी?"

मी मध्येच म्हणाले, "आम्हाला डोळे दिपवणारे दिवे नकोत. तत्त्व म्हणून."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग फळीवरचा एलईडी बल्बचा एक चकचकीत डबा काढून समोर ठेवला. "ताई, ह्ये लोक मागतात म्हनून ठेवलेत. तुमच्या दिव्याचं आतलं आरशासारखं भांडं साध्या बल्बचं हाय. त्याच्यात ह्यो घातला का उजेड नको तिकडं फाकतो. समोरच्याच्या डोल्यात जातो, आनि तुमाला जवल पांढरं दिसतं, लांबचं काय दिसत नाय."

मी विजयाने पप्पांकडे पाहिलं.

"पन हाय तसं ठेवलंत ना," तो पुढे म्हणाला, "त्यो पन गुन्हा हाय. गाडीभर मानसं घेऊन आंधला मानूस चालला, तर त्याला काय तत्त्व म्हनायचं?"

पत्रकात दोनच बाजू असतात. तिसरी या माणसाने स्क्रू ड्रायव्हरने उघडून दाखवली. त्याने डावीकडचा दिवा सोडवून पप्पांच्या हातात दिला. काच हळदीच्या पाण्यासारखी पिवळट झाली होती, आणि आतल्या भांड्याची चमक पार उडाली होती. शेजारी त्याने नवा दिवा धरला, तसाच, कंपनीत बसवतात त्याच मापाचा. आरपार स्वच्छ. त्यात चांगल्यातला साधा बल्ब टाकायचा, आणि बॅटरीपासून दिव्यापर्यंत नवी जाड वायर ओढायची, कारण जुन्या वायरीत निम्मी वीज वाटेतच मरत होती. बस, एवढंच.

पप्पा तो जुना दिवा उलटसुलट करून बराच वेळ बघत होते.

"म्हणजे डोळे नाहीत?" त्यांनी विचारलं.

"डोले आपल्या जागी हायत, काका."

पप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. निवृत्त होऊन कारखान्याच्या हिशोबाचे पैसे हातात पडले त्या दिवशीही त्यांचा चेहरा असा सैल झालेला मी पाहिला नव्हता.

"बदलून टाकू?" दुकानदाराने विचारलं.

"नाही," पप्पा म्हणाले. "आमचा ठराव आहे."

"ठराव? सोसायटीची गाडी हाय काय?"

त्याला समजावून सांगायला वेळ लागला. समजल्यावर तो स्टुलावर बसून पोट धरून हसला. मी तिथेच व्हिडिओ कॉल लावून तातडीची बैठक बोलावली. आई स्वयंपाकघरातून, काका ऑफिसातून, बाकीच्या तिघी आत्याच्या घरातून.

"बोला, विरोधी पक्षनेत्या," आत्या म्हणाली.

मी सांगितलं. वीटभट्टीच्या रात्री खरं काय झालं तेही सांगितलं. मग म्हणाले, मागचा ठराव माझा होता, तो रद्द करावा, सूचक मीच. आत्याचा आवाज आला, यावेळी टोमण्याशिवाय. "दादा, तू आम्हाला अंधारात घेऊन येत होतास?" पप्पांनी जुना दिवा फोनसमोर धरला. "अनुमोदन," ती म्हणाली. ठराव एकमताने झाला. दुकानदारानेही हात वर केला होता. पप्पांनी त्याची 'निमंत्रित' म्हणून नोंद करायला सांगितली.

दिवे बसायला संध्याकाळ झाली. मला वाटलं, झालं. पण तो म्हणाला, "आता सगल्यांना बोलवा. गावाला नेता ते सामान पन आना."

"कशाला?"

"रिकाम्या गाडीवर दिवे लावून देतात सगले. गाडी भरली का मागून बसते, नाक वर करते. मग साधा दिवा पन समोरच्याच्या डोल्यात जातो. तुमी भरलेलेच जाता ना? मग भरलेलीच लावू."

आई रिक्षाने आली, सानपाड्याची मंडळी चालत आली. बॅगा, तांदळाची गोणी, आत्याची घडीची खुर्ची, सगळं मागे गेलं. सगळे आपापल्या नेहमीच्या जागी बसले. मला त्याने बाहेरच ठेवलं आणि माझ्या जागेवर वजनाला दोन जुन्या बॅटऱ्या ठेवल्या. समोरच्या शेडच्या भिंतीवर खडूने रेघ मारली आणि दिव्यामागचा स्क्रू फिरवायला लागला. आत्या खिडकीकडे सरकली.

"आत्या, हलू नका!" तो खालून ओरडला.

"माझ्यामुळे लाईट वर जाते काय रे?"

"तुमच्यामुलं नाय. गोनीमुलं."

"शहाणा आहेस. धंदा करशील."

उजेडाची कड भिंतीवरून हळूहळू उतरली आणि खडूच्या रेघेवर येऊन थांबली. मग तो मला म्हणाला, "ताई, तुमी गल्लीच्या त्या टोकाला जा, आनि समोरून चालत या. डोले दुखले तर सांगा."

मी गेले आणि चालत आले. माझे पाय, गल्लीतला खड्डा, पडलेला नारळाचा झाप, सगळं लख्ख दिसत होतं. उजेड माझ्या कमरेखालीच राहिला, डोळ्यांवर आलाच नाही. काचेमागे पप्पा स्टिअरिंग धरून पुढे झुकलेले, आणि त्यांच्या मागे दाटीवाटीने बसलेले माझे सगळे लोक, बैठकीतल्यासारखेच गंभीर, माझा निकाल ऐकायला थांबलेले.

"नाही दुखले," मी म्हणाले.

त्या माणसाचे मी आभार मानले ते तेव्हा, आणि नीट मानले नाहीत. त्याने माझं तत्त्व खोडलं नव्हतं. ते वापरता येईल असं करून दिलं होतं, आणि त्याचं भाषण केलं नव्हतं.

जयंतीच्या आदल्या दिवशी काकांचं ऑफिस सुटून गावी निघेपर्यंत दुपार टळली. घाटाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा अंधार पडायला लागला होता. पप्पांनी दिवे लावले. समोरून एक एसटी आली. तिने दिवे खाली केले, पप्पांनीही केले, आणि दोन्ही गाड्या एकमेकींना वाट देऊन निघून गेल्या. पुढच्या वळणावर पप्पांनी अचानक वेग कमी केला. मला काहीच दिसलं नव्हतं. क्षणभराने दिसलं : डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई, पाठमोरी, कडेने चाललेली. पप्पा तिच्यापासून लांबून, सावकाश गेले.

"तुम्हाला एवढ्या लांबून दिसली?" मी विचारलं.

"दिसली की," ते म्हणाले. "कडेचं गवतसुद्धा दिसतंय." आणि त्यांनी पुढच्या वळणासाठी गियर बदलला.