धोंड्याची गाडी

भूपेश पौनीकरला मागे जायचं होतं. बस, एवढीच मागणी. पुढे जाणाऱ्या गाड्या दुनियेत पैशाला पासरी पडल्या आहेत, त्याला मागे जाणारी पाहिजे होती. आणि ही सरळ गोष्ट हुडकेश्वरच्या त्या गल्लीत एकाही शहाण्याच्या डोक्यात शिरायला तयार नव्हती.

"मागं जाऊन काय करशीन गा?" शेजारच्या शोभाताईंनी विचारलं. "माणसानं कसं, पुढं पाहावं."

घ्या! आता या बाईला काय सांगावं? हिचे दोन्ही पाय शाबूत. गाडी भिंतीला टेकली की ही खाली उतरते, हँडल धरून मागे ढकलते, आणि आपण काही केलं हे तिच्या ध्यानातही राहत नाही. भूपेशच्या कमरेखाली तीन वर्षांपासून काहीच नव्हतं. पाय होते, पायांत चप्पलही असायची, पण त्या पायांना कोणी चिमटा काढला तरी ह्याला पत्ता लागत नसे.

त्याआधी हा माणूस घरात सापडायचा नाही. बापजाद्यांनी तांडापेठेत मागावर बसून जन्म काढले, आणि ह्याला बसणंच सोसत नव्हतं. ह्याने साड्यांचे आणि चादरींचे गठ्ठे मोटारसायकलवर आवळले आणि बाजार धरले. उमरेड, कुही, भिवापूर, अधलीमधली गावं. बायका नावाने हाक मारायच्या, "भूपेशभाऊ, पुढच्या टायमाले हिरव्या काठाची आणजा" म्हणून बजावायच्या. एका संध्याकाळी भिवापूरहून येताना रानडुक्कर आडवं आलं. गाडी खड्ड्यात, भूपेश शेताच्या धुऱ्यावर, मणका मोडलेला. डुकराला काही झालं नाही म्हणतात.

आता गल्लीचं ऐका, कारण सगळं दुखणं त्या गल्लीत आहे. एका टोकाला प्लॉटवाल्याने भिंत घातलेली, भिंतीला लागून भूपेशचं घर, दोन्ही बाजूंनी उघड्या नाल्या. आत शिरलेली गाडी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. वळवायला जागा नाही, तीन चाकांची गाडी तर विसराच. बाहेर पडायचं तर गल्लीच्या तोंडापर्यंत चाळीस पावलं मागे मागे जावं लागतं. ज्याला पाय आहेत त्याची ती चाळीस पावलं. भूपेशने रोज कोणाच्या दारी आवाज द्यायचा? आज हा, उद्या तो. पंधरा दिवस लोक धावून येतात हो, सोळाव्या दिवशी खिडक्या लागतात.

म्हणून त्याने रात्रंदिवस मोबाइल चाळून गाड्या पाहिल्या. सगळे सांगत होते तो स्कूटर, मागच्या चाकाला दोन बाजूंनी आणखी दोन चाकं जोडलेला. चांगला आहे, गियर नाही, ब्रेक हातात. पण तो मागे जात नाही. खड्ड्यात मधलं चाक लटकलं तर जागच्या जागी गरगर फिरतं, आणि वर बसलेल्याने बसून पाहायचं. भूपेश खाटेवर पडल्या पडल्या हे सगळं शिकला. मग त्याला वाठोड्याचा रामाजी सापडला.

रामाजी मेकॅनिक मोटारसायकलचं मागचं अंग कापून तिथे रुंद अॅक्सल बसवायचा आणि दोन चाकं लावायचा. गियर हाताला, क्लच हाताला, ब्रेक हाताला, आणि सीटच्या बाजूला एक दांडा, रिव्हर्सचा. आरटीओच्या कागदांचंही तोच पाहायचा. ओळखीच्या कवडूच्या ऑटोतून भूपेश तिकडे गेला. दोघांनी उचलून त्याला गाडीवर बसवलं, पाय पट्ट्याने बांधले. रामाजीने बाकीच्यांसारखं हळहळून पाहिलं नाही. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "पायाले गरमथंड समजते का, भाऊ?"

"नाही."

"मंग सायलेन्सरले पत्र्याचं जाकीट घालतो. नाही तं पाय भाजून कोयसा होईन, आन तुमाले वासावरून मालूम पडन."

भूपेश खदखदून हसला. तीन वर्षांत त्याच्या पायांबद्दल कोणी इतकं नीट बोललं नव्हतं.

मग त्याने दांडा ओढला. गाडीने बारीक कुरकुर केली आणि मागे सरकली. चार हात गेली असेल. ना कोणी ढकललं, ना कोणाला हाक मारली. भूपेशने ती पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, कवडू म्हणाला, "अबे, झालं ना आता!" तरी ह्याचं चालूच. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही. "हेच पायजे," तो म्हणाला. "रामाजीभाऊ, दुसऱ्या कोणाले देऊ नका."

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. मयुरी फॉल-पिकोच्या मशीनवर बसली होती. सकाळी पाचला उठून त्याची अंघोळ, लघवीची पिशवी, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, आणि मधल्या वेळात लोकांच्या साड्या, असा तिचा दिवस होता. तिने सुई थांबवली नाही.

"मंग तुमी एकटेच जासान?"

"नाही तं काय, तुले मागं बसवून बाजार करू?"

तो हसला. ती म्हणाली, "पाहू."

यंदा ज्येष्ठ अधिक आला. धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, तेहतीस अनारसे द्यायचे आणि त्यावर ऐपतीप्रमाणे वाण. आणि ते वाण जावयाने मुकाट कपाळाला लावायचं. परत करायचं नाही, बदलून मागायचं नाही, नाक मुरडणं तर दूरच. नाक मुरडलं तर ते लेकीच्या माहेरावर जातं. पौनीकरांच्या घरात सात पिढ्यांत कोणी असं केलं नव्हतं.

उमरेडला सासऱ्यांच्या घरी चाकांची खुर्ची दारातून आत जात नाही, म्हणून सासुरवाडीच जावयाकडे आली. सासरे ईश्वरदास आणि सासू मैनाबाई, दोघंही रखरखत्या उन्हात, भाड्याच्या टेम्पोत पुढे बसून. मैनाबाईंनी पाट मांडला. मयुरीने भूपेशचे पाय दोन्ही हातांनी उचलून परातीत ठेवले. ईश्वरदास खाली बसले आणि मान खाली घालून जावयाचे पाय धुऊ लागले. एकेक बोट त्यांनी चोळलं. भूपेश वरून पाहत होता. पाणी गार आहे की कोमट, त्याला कळत नव्हतं. त्या म्हाताऱ्या हातांकडे पाहवेना म्हणून त्याने दाराबाहेर पाहिलं, तर टेम्पोवाले काहीतरी उतरवत होते.

स्कूटर. झेंडूची माळ घातलेला, हळदीचं स्वस्तिक काढलेला, बाजूला दोन चाकं जोडलेला. भिंतीकडे तोंड करून त्यांनी तो उभा केला. दुसरीकडे तोंड करायला जागाच नव्हती.

"जवाईबापू, आवडली ना जी?" ईश्वरदासांनी विचारलं. पाय अजून त्यांच्या मांडीवर होते, ते धोतराच्या सोग्याने पुसत होते.

सांगा, काय बोलणार होता तो?

"हव मामाजी," भूपेश म्हणाला. "मस्त आहे."

अनारसे झाले, जेवणं झाली, सगळ्यांनी स्कूटरसोबत फोटो काढले. संध्याकाळी लेक काजल सुट्ट्यांसाठी आजीआजोबांसोबत उमरेडला गेली. घरात दोघंच राहिली. रात्री दर दोन तासांनी मयुरीने कूस बदलली तेव्हा भूपेश जागाच होता, आणि तिने काय झालं म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने रामाजीला फोन लावला. माणसाला शब्द दिला होता, निदान नाही तरी म्हणावं.

"मले मालूम आहे, भाऊ," रामाजी म्हणाला. "ती गाडी मी दुसऱ्याले देऊनही टाकली. काय करता आता! तुमचे सासरे तं येऊन गेले होते माझ्याकडं. बुढा मस्त माणूस आहे जी. रिव्हर्स सोता टाकून पाह्यला, हासला. हेच जवायाले द्यायचं म्हणे. मंग दोन दिवसानं वहिनीचा फोन आला, नका देऊ म्हणे, डॉक्टरनं मना केलं."

"कोन्या डॉक्टरनं?"

रामाजी म्हणाला, "ते मले काय मालूम, भाऊ."

भूपेशने फोन मांडीवर ठेवला. सगळं त्याच्या ध्यानात आलं. बाजारातली गाडी असती तर त्याने भांडून परत केली असती, चार दिवस जेवला नसता. धोंड्याच्या वाणाला तो हूं की चूं करणार नाही, हे या घरात फक्त मयुरीला पक्कं ठाऊक होतं. बापाला स्कूटर घ्यायला लावून तिने नेमकं तिथेच त्याला धरलं होतं.

त्याने खुर्ची मशीनपर्यंत नेली. "मयुरे, डॉक्टरनं मना केलं?"

मशीन थांबलं. दुसरं खोटं तिच्याच्याने बोलवलं नाही. "नाही. मी मना केलं."

"काहून?"

"काहून म्हंजे?" ती एकदम उसळली. "ती गाडी असती तं तुमी निघून गेले असते. मी इकडं भाकरी थापून राहिली, आन तिकडं तुमी गायब. त्या दिवशी मी किती फोन लावले, मालूम आहे तुमाले? एकशेचार. तुमी सांगता, पडल्याबरोबर फोन बंद झाला. बंद फोनची रिंग जाते का जी? इतकी बुद्दू समजता मले?"

भूपेशचा फोन त्या संध्याकाळी धुऱ्यापलीकडे पडला होता, दोन हात लांब. त्याने सगळ्या रिंगा ऐकल्या होत्या. प्रत्येक वेळी पडद्यावर तिचं नाव उजळायचं, हा कोपरांवर सरकायचा प्रयत्न करायचा आणि जागीच राहायचा. हे तिला कळू नये म्हणून तो तीन वर्षं खोटं बोलला होता, आणि ही तीन वर्षं जाणून होती.

"आता कमसे कम मले सांगितल्याशिवाय तं नाही जाणार," ती म्हणाली. "मीच ढकलून देईन ना रोज. कधी नाही म्हटलं का मी तुमाले?"

"म्हणून मले बांधून ठेवलं?"

"हव. ठेवलं."

त्याला असा संताप आला म्हणता! धडधाकट माणूस असता तर दार आपटून पानठेल्यावर गेला असता, दोन तास बसला असता, आणि भूक लागल्यावर परत आला असता. नवराबायकोच्या भांडणात एवढी तरी सोय असते. भूपेश खुर्ची लोटत उतारावरून बाहेर गेला. दोन्ही हातांच्या जोराने अंग उचलून स्कूटरवर घेतलं, एकेक पाय हाताने ओढून फळीवर ठेवला, चावी फिरवली. गाडी सुरू झाली. समोर भिंत.

चार वाजायचे होते. ऊन असं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. त्याने हॉर्न दिला. शोभाताईंच्या खिडकीचा पडदा हलला आणि तसाच राहिला. कवडूला फोन लावला तर तो मिहानकडे भाडं घेऊन गेलेला. इंजिन चालू होतं, माळेतला झेंडू सुकून गेला होता, आणि पौनीकरांचा पोरगा त्या भिंतीसमोर दहा मिनिटं बसून राहिला. ज्या बाईपासून त्याला दूर जायचं होतं तिच्याशिवाय तिथे कोणी नव्हतं.

"मयुरे," शेवटी त्याने आवाज दिला. मग जोराने, "ढकल वं!"

ती तशीच बाहेर आली, अनवाणी. भिंत आणि स्कूटर यांच्या मधल्या सांदीत शिरली, दिव्याच्या दोन्ही अंगांना तळवे टेकले. मागे ढकलायची गाडी समोरूनच ढकलावी लागते. दोघांची तोंडं हातभर अंतरावर आली. भांडलेल्या माणसांनी इतक्या जवळून एकमेकांकडे पाहू नये, पण दुसरीकडे पाहायला जागा नव्हती.

"ब्रेक सोडा," ती म्हणाली.

त्याने सोडला. ती ढकलत गेली. तो मान वळवून नालीचा अंदाज घेत हँडल धरून राहिला. पाच पावलांवर ती रडायला लागली, दहाव्या पावलावर तोही. डोळे पुसता येईनात, त्याचे हात हँडलवर, तिचे दिव्यावर. तापलेल्या सिमेंटवर तिचे पाय पोळत असावेत, कारण ती मधेच टाच उचलायची. त्याच्याने ते पाहवेना. चाळीस पावलं होईपर्यंत त्याच्या अंगातला सगळा राग गळून गेला, आणि रागाच्या जागी दुसरं काही आलंच नाही.

गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. धापा टाकत पदराने तोंड पुसलं.

"कुठं जाता?"

भूपेशने पाठीमागच्या रस्त्याकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता, थेट उमरेडपर्यंत. कुठे जायचं हे त्याने ठरवलंच नव्हतं.

"कुठंच नाही," तो म्हणाला. "सरक बाजूले."

ती बाजूला झाली. त्याने गाडी सरळ गल्लीत घातली आणि भिंतीपर्यंत नेऊन उभी केली.