बाईंची मुलाखत आणि शाळेचं मागचं फाटक

आमच्या बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात मोठमोठ्या लेखकांच्या मुलाखती घेण्यावर एक धडा आहे. आमच्या म्हणजे माझ्या आणि माझ्या नातीच्या. ती सतरा वर्षांची, रीतसर कॉलेजात जाणारी. मी एकसष्टची, बाहेरून फॉर्म भरलेली. पुस्तक एकच आहे, तिचं. तिच्या खुणा पेन्सिलीच्या, माझ्या हळदीच्या.

हा फॉर्म मी हौसेनं भरला असं कोणी समजू नये. मी सापळ्यात सापडले, आणि सापळा मीच लावलेला होता. चाळीस वर्षं मी एक रडगाणं गात आले. "मी लय हुशार होती, पण लग्न झालं, सासूनं शिकू दिलं नाई. इंग्रजीचा एक पेपर राह्यला, नाई तर आज मी कुठच्या कुठी असती!" हे जावांपुढे गायलं, लेकींपुढे गायलं, आणि महिला दिनाला तर माईकवर गायलं. बाया रडल्या. मीही रडले, फार चांगलं जमलं होतं त्या दिवशी. नात तेवढी रडली नाही. घरी येऊन म्हणाली, "आजी, एकच पेपर राह्यला ना? मंग देऊन टाक."

इतक्या वर्षांनी एकच पेपर कोण देऊ देतो? सगळे विषय पुन्हा आले. पण माईकवर बोललेलं परत घेता येत नाही, म्हणून फोटो काढला, सही केली आणि अभ्यासाला बसले.

बसले म्हणजे, बसत नव्हते. तीच तर अडचण. नात सरावाचा पेपर लावायची, मोबाईलमध्ये तीन तासांची घंटा लावायची, आणि अर्ध्या तासात मी उठलेली असायचे. कधी कोंबडी भातात शिरली म्हणून, कधी दूध उतू जाईल म्हणून. एकदा तर घरात दूधच नव्हतं. नात म्हणाली, "आजी, तुले इंग्रजी येते. तुले बसता येत नाई. परीक्षेत अशीच उठशील तर नापास होशील." मी हसण्यावारी नेलं, पण त्या दिवशी घंटा पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली. कारण मी याआधी एकदा उठले होते. ते फक्त मला माहीत होतं. असं मला वाटत होतं.

धडा मात्र मला आवडला. नात इंग्रजीत वाचायची, मी आमच्या बोलीत फिरवायचे. एक लेखक दार उघडायचा नाही, दुसरा उलट प्रश्न विचारायचा. ते वाचून नातीनं आपल्या वहीत एक कल्पनेतला लेखक लिहिला होता, मुलाखतवाला दिसला की घराच्या मागच्या दारानं सटकणारा. नात खी खी हसली. मला ठसका लागला.

"काऊन वं आजी, काय झालं?"

"काई नाई. मिरची."

आम्ही तेव्हा पेरू खात होतो.

धड्यावर तोंडी परीक्षेसाठी प्रकल्प होता. एखाद्या नामांकित माणसाची मुलाखत घ्यायची, इंग्रजीत लिहायची आणि कॉलेजातल्या मॅडमपुढे सांगायची. नातीनं फोनवर एका नाटक लिहिणाऱ्याला गाठलं. मी म्हटलं, मी बाईंची घेते.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई. घरात, गावात, चामोर्शीच्या बाजारात, सगळे त्यांना बाईच म्हणतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे, नक्की त्यांनाही ठाऊक नाही. आमचं घर तळ्यातल्या मासोळीवर आणि दोन बांध्यांच्या धानशेतीवर चालत आलं. बाईंनी सारा जन्म बाजारात टोपली घेऊन मासोळी विकली. अजून कोणी त्यांचं नाव काढलं की गिऱ्हाईक म्हणतं, "मरळ कापावी तर त्या बाईनंच." मग त्या नामांकित नाहीत तर कोण? खरं कारण सांगू? बाई ओसरीवर बसलेल्या होत्या आणि मला बसगाडीचा प्रवास नको होता.

मी पुस्तकातल्यासारखे दहा प्रश्न काढले. समोर खुर्ची टाकली. नातीनं मोबाईल आमच्या दोघींच्या मध्ये ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं.

"बाई, तुमचं बालपण कसं गेलं?"

"गेलं."

"तुमच्या जीवनातला आनंदाचा क्षण कोणता?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी त्यांना शिळी मासोळी विकायला आलेय. "सकाळपासून काई खाल्लं का तू? डोकं फिरून राह्यलं तुहं."

पाच मिनिटांत दहा प्रश्न संपले. उत्तरांची बेरीज एक ओळ. नातीला वाटलं मोठी आजी रुसली. मला ठाऊक होतं तसं नाही. आमच्या या घरात विचारायची रीतच नाही. माणूस जाळं घेऊन तळ्यावर निघाला की त्याला कुठी चालला, काऊन चालला, काही म्हणायचं नाही. विचारलं की मासोळी पळते म्हणतात. बायका हातातलं काम थांबवतात, वाट मोकळी करतात आणि गप उभ्या राहतात. परत आल्यावरही किती मिळालं ते विचारायचं नाही. टोपलीकडे पाहायचं आणि चूल पेटवायची. माझ्या माहेरी गोंडपिपरीकडे नुसती शेती, जाळं नाही. तिथं माणूस अंगणाबाहेर पडला की चार घरं विचारायची, कुठी? म्हणून नवी नवरी असताना मला हे घर मुक्यांचं वाटलं होतं.

मी खुर्ची उचलून ठेवली. बाईंच्या मांडीवर फाटकं जाळं होतं. डोळे अधू झाले तरी बोटं गाठ बरोबर मारतात. मी दुसरी बांबूची सुई घेतली आणि जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. नातही आली. मोबाईल तसाच चालू राहिला, आमच्या कोणाच्या ध्यानात नव्हतं. दहा गाठी झाल्या, वीस झाल्या. मग बाई आपणहून बोलायला लागल्या. आधी तळ्याबद्दल, मग एका पुराबद्दल, मग एकदम म्हणाल्या,

"तुह्या पेपराच्या दिवशी मी बाजारात बसली नाई."

माझी गाठ चुकली. "कोणत्या पेपराच्या?"

"तुह्या इंग्रजीच्या. तू पहिल्या वर्साची सून. आठवडी बाजार होता. सारे टोपल्या घेऊन बसले, मी शाळेसमोर चिंचीखाली बसली. भात आणला होता तुह्यासाठी, अन् झिंग्याची भाजी."

इथं मला त्या एकोणीस वर्षांच्या शहाणीबद्दल सांगितलं पाहिजे. तिनं गाईड पाठ केलं होतं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. पण फक्त उत्तरं. प्रश्नात वेळ कोण घालवतं, असं तिचं मत होतं. पेपर हातात आला तेव्हा डोक्यात साठ उत्तरं तयार होती, आणि त्यातलं कोणतं कुठं लावायचं ते एकाही उत्तराला माहीत नव्हतं. तिनं सुंदर अक्षरात तीन उत्तरं लिहिली, कोणत्या प्रश्नाखाली ते देव जाणे. मग तिचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. बाजारातून आलूबोंड्याचा वास येत होता. तासाभरात तिनं पेपर दिला आणि समोरून गेलं तर मास्तर थांबवेल म्हणून बाजाराकडे उघडणाऱ्या मागच्या फाटकातून निघून गेली. संध्याकाळी घरी येऊन चेहरा पाडला आणि सांगितलं, पेपर लय कठीण होता. निकाल लागला, नापास. मग कठीण पेपर मागं पडला आणि दुष्ट सासू पुढं आली. सासू जास्त चालली.

बाई सांगत होत्या, "घंटी झाली. पोरं निघाले, पोरी निघाल्या. तू नाई. मले वाटलं लिहून राह्यली अजून. मास्तर कुलूप लावाले लागला तवा इचारलं. सारे गेले म्हणे. मंग बाजारात गेली."

"मंग?" नातीनं विचारलं.

"मंग का! तुही आजी बांगड्या भरून राह्यली होती. हिरव्या. एका हातात बांगड्या, दुसऱ्या हातात आलूबोंडा."

नात जाळ्यावर आडवी पडून हसली. मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण धरणीही बहुतेक हसत होती.

"बाई, तवा हाक काऊन नाई मारली?"

"कायले मारू? रिकामं जाळं घेऊन येणाऱ्याले कोणी इचारते का, मासोळी कुठी म्हणून? तुह्या वाटचा भात मीच खाल्ला अन् पुढच्या गाडीनं आली."

"अन् मी जगाले सांगत फिरली, तुमी शिकू दिलं नाई..."

"ऐकलं ना. मी का बहिरी आहो? महिला दिनाले मी मागच्या खुर्चीवरच होती. चांगलं बोलली तू."

"मंग उठून सांगाचं होतं, बाई!"

त्यांनी दातानं सूत तोडलं. "तुह्या अंगावर आलं असतं. माह्या अंगावर आलं तर काय? मी सासूच आहो. सासूले बोलतेच लोक."

मी खाली मान घालून गाठी मारत राहिले. सगळ्या उसवाव्या लागल्या नंतर. मला त्या पेपराची सकाळ आठवत होती. मी नवं पातळ नेसून निघाले, आणि या बाईनं मला एक शब्द विचारला नाही. कुठला पेपर, अभ्यास झाला का, काही नाही. हातातली घागर खाली ठेवली, दारातून बाजूला झाल्या आणि गप उभ्या राहिल्या. मला वाटलं, हिला माझ्या शिक्षणाशी देणंघेणं नाही. ते रडगाणं खरं म्हणजे तिथंच सुरू झालं. आणि इतकी वर्षं या घरात राहून, रोज हीच रीत पाळून, माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही की बाईंनी मला जाळं घेऊन निघालेल्या माणसाचा मान दिला होता. माझा पेपर त्यांना तळ्याएवढा वाटला होता.

नातीनं मोबाईल उचलला. सगळं त्यात आलं होतं. ती हसायची थांबली होती. "आजी, हे लिहाचं की नाई? नाई लिहिलं तरी चालते. बाकीचं लय आहे."

खोटं सांगत नाही, पूर आणि तळं एवढ्यावर भागवावं असं माझ्या मनात येऊन गेलं. मग बाईंकडे पाहिलं. त्या पुढची गाठ मारत होत्या. ऐकत होत्या की नाही कोण जाणे.

"लिही," मी म्हटलं. "नाई, थांब. मीच लिहिते."

छोटी छोटी वाक्यं केली. ती बसली. मी पळाले. ती बोलली नाही. एवढं इंग्रजी मला येत होतं. तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारलं, या मुलाखतीतून काय शिकलात? मी पाठ केलेलं उत्तर विसरले आणि मोडक्या इंग्रजीत म्हटलं, की मी चाळीस वर्षं उत्तरं देत होते, कोणी विचारलं नसताना. मॅडमनी चष्मा काढून पुसला. नंतर मराठीत म्हणाल्या, "आजी, लेखी पेपरला उठू नका बरं." नातीनं त्यांना सांगून ठेवलं होतं, चोंबडी!

लेखी पेपरच्या सकाळी मी नातीबरोबर निघाले तेव्हा बाईंनी हातातला पाण्याचा गडवा खाली ठेवला आणि दारातून बाजूला झाल्या. या वेळी मला ते कळलं. पण त्या तिथंच थांबल्या नाहीत. काठी घेतली, डबा घेतला आणि आमच्यामागं जीपमध्ये येऊन बसल्या. कोणी काही विचारलं नाही. चामोर्शीला तीच शाळा, भिंतीला नवा रंग. चिंच मात्र कापली आहे, म्हणून त्या पानटपरीच्या सावलीत बसल्या.

मी आधी प्रश्न वाचले. सगळे, दोनदा. त्या मुलाखतीच्या धड्यावरचाही एक प्रश्न होता. अर्ध्या तासानं पाय आपोआप हलले. तासाभरानं गुडघा भरून आला. पुढच्या बाकावरचा एक पोरगा पेपर देऊन निघून गेला, आणि माझ्या आतली ती एकोणीस वर्षांची भवानी म्हणाली, चल ना, झालं की. मी तिला म्हटलं, तू जा बांगड्या भराले. बाहेर बाई बसल्या आहेत.

शेवटची घंटा झाली तेव्हा हॉलमध्ये चार पोरं आणि मी होते. समोरच्या फाटकातून बाहेर आले. माझ्याआधी सुटलेली नात बाईंच्या बाजूला उभी होती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पेपर कसा गेला ते विचारलं नाही, रीतच नाही ती. डब्याचं झाकण उघडून माझ्यापुढं धरलं. भात आणि झिंग्याची भाजी.

तिथंच रस्त्याच्या कडेला बसून मी खाल्लं. शेवटचा घास तोंडात असताना बाईंनी हात पुसत एवढंच म्हटलं,

"आता बाजारात जाऊ. बांगड्या भरून दे मले. हिरव्या."